घरपट्टीतून बांधलेली खोली

पुतण्यानं माझ्या काखेत हात घालून मला उचललं आणि हातगाडीवर ठेवलं. बाजाराचा दिवस होता. मिरचीवाल्यांच्या ओळीपासून सुक्या मासळीच्या टोपल्यांपर्यंत सगळी माणसं हातातलं काम टाकून बघत होती. माझी पेटी, गोधड्या आणि पत्र्याची बादली आधीच गाडीवर चढवली होती. त्यांच्यावर मला बसवलं, एखादी गोणी ठेवावी तसं. मी त्याच्या मनगटाला चावले. तोंडात दात थोडे उरलेत, पण आहेत ते समोरचे आहेत. त्यानं शिवी दिली, पण हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं माझ्या कमरेची किल्ली ओढली, ती नाडीसकट तुटून आली.

मिरची विकणारी एक बाई म्हणाली, "जाय ना वं माय घर. एवढा चांगला पुतण्या लेवाले येल शे."

"तुले आवडना व्हई तर तूच लई जाय त्याले," मी म्हणाले.

लोक हसले. पुतण्या हसला नाही. गाडी ओढायला आमच्या भाऊबंदांतले दोघं होते, ते मान खाली घालून ओढत होते. माझ्या शेजारच्या खोलीतला म्हातारा दारात उभा होता. पलीकडच्या खोलीतली आंधळी बाई विचारत होती, "काय व्हयनं? कोनले लई चालनात?" तिला कोणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. मला तेव्हा शिव्या द्यायच्या होत्या, आणि मी त्या गाव संपेपर्यंत दिल्या.

मला जिथून काढलं ती खोली माझ्या बापाची नव्हती, नवऱ्याची नव्हती, माझीही नव्हती. ग्रामपंचायतीची होती. आमचं गाव तापीच्या बाजूचं, सपाटीवरचं, आठवड्याच्या बाजाराचं. गावात घरपट्टी भरणारी घरं बरीच आहेत आणि बाजारात बसणाऱ्यांकडून पंचायत कर घेते. त्या पैशाचं काय होतं हे मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. दिवा लागतो, नळाला एक दिवसाआड पाणी येतं, बाकी कोणाच्या घशात जातं ते जाणाऱ्याला ठाऊक.

सरपंचबाई आली तेव्हा तिनं ग्रामसभेत काढलं की गावात काही म्हातारी माणसं आहेत, त्यांना राहायला जागा नाही, आणि सरकारी घरकुल त्यांना मिळत नाही, कारण घरकुल बांधायला आधी स्वतःची जागा लागते. ज्याच्याकडे जागाच नाही त्याला घर नाही. म्हणून दरवर्षी घरपट्टीतला आणि बाजाराच्या करातला थोडा भाग बाजूला काढायचा, बाजाराच्या मागच्या पंचायतीच्या पडीक जागेवर खोल्या बांधायच्या आणि म्हाताऱ्या माणसांना मरेपर्यंत राहायला द्यायच्या. भाडं नाही. खोली नावावर होणार नाही, मुलाबाळांना मिळणार नाही. माणूस मेलं की किल्ली परत पंचायतीकडे.

सरपंचबाई काही देवी नव्हे. केळीवाल्या घरची सून आहे, तिच्या नवऱ्याचं सिमेंटचं दुकान आहे, आणि खोल्यांना सिमेंट कुठून आलं हे सांगायला नको. पण बाकीचे सरपंच सिमेंट विकूनही खोल्या बांधत नव्हते.

गाव चिडलं. "आमनी घरपट्टी, आमना पैसा, नि घर दुसरासले?" असं एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "पह्यले गटार करा. गटार कव्हय व्हई?" दुकानदार म्हणाले, आमच्याकडून कर घेता तो बाजारात मुतारी बांधायला घ्या. म्हाताऱ्यांना सांभाळायचं काम पोरांचं आहे, पंचायत कशाला मध्ये पडते, असं ज्यांची म्हातारी माणसं गोठ्यात झोपतात ते सगळ्यात मोठ्यानं बोलले. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मीसुद्धा गटाराच्या बाजूनं हात वर केला होता. आमच्या दारासमोर तेव्हा गुडघाभर घाण साचायची.

तरी ठराव झाला, कारण सरपंचबाईची माणसं जास्त होती. तीनच खोल्या झाल्या. वर सिमेंटचे पत्रे, एक खिडकी, मागं सगळ्यांना मिळून एक संडास.

आता माझं सांगते. आमचं घर जुनं मातीचं होतं, नवऱ्याचं आणि दिराचं मिळून. नवरा गेला, दीर गेला, मला मूल झालं नाही. मागची खोली माझी होती. पुतण्यानं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं तेव्हा म्हणाला, "काकी, तुले खाले मोठी खोली देस. फरशीनी." घर झालं. खोलीही झाली, फरशीची. तिच्यात मोटारसायकल, फवारणीचा पंप आणि युरियाच्या गोण्या ठेवल्या. मला जिन्याखाली खाट टाकली. जिन्यावरून कोणी उतरलं की डोक्यावर ठोके पडल्यासारखं वाटायचं, आणि औषधाच्या वासानं जेवण जायचं नाही. मी म्हणाले, गोण्या हलवा. पुतण्याची बायको, आमची सूनबाई, म्हणाली, "काकी, तुम्ही काय, दिसभर बाहेरच तर बसतस." खरं होतं. आत बसवत नव्हतं म्हणून बाहेर बसत होते.

खोल्या बांधून झाल्या आणि दवंडी पिटली तेव्हा मी जाऊन अर्जावर अंगठा नाही, सही केली. चौथीपर्यंत शिकलेली आहे. ग्रामसेवकानं विचारलं, "आजी, तुम्हाला घर आहे ना?" मी म्हणाले, "जिना आहे." तो येऊन जिना बघून गेला. त्याला शिंका आल्या. खोली मला मिळाली.

हिवाळ्यात मी राहायला गेले. एका बाजूला म्हातारा, धडगावकडचा, डोंगरातला. जन्मभर बाजारात हमाली केली, बायको इथंच मेली, मग वर गावी परत जायला काही उरलं नाही. अहिराणी बोलायचा तोडकीमोडकी, स्वतःशी आपली डोंगरातली बोली बोलायचा. दुसऱ्या बाजूला आंधळी बाई. तिचं कोणी नव्हतंच. तिचं पाणी मी भरून द्यायची, कारण ती स्वतः भरायला गेली की निम्मं दारात सांडायची आणि मी घसरायची. आम्ही काही एकमेकांवर जीव टाकत नव्हतो. म्हातारा रात्रभर खोकायचा, आंधळी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. पण दार लावलं की माझी खोली माझी. दार आतून लावता येणं म्हणजे काय, ते मला या वयात कळलं. जिन्याला दार नसतं.

पुतण्याला सुरुवातीला काही वाटलं नाही. खाटेची जागा मोकळी झाली, तिथं त्यानं कडबा कापायचं यंत्र ठेवलं. मग त्याच्या मुलाचं लग्न जमवायला काढलं. मुलीचा बाप खापर गावाच्या बाजूचा, चांगल्या शेतीचा माणूस. तो बाजाराच्या दिवशी गाव बघायला म्हणून आला आणि कोणीतरी त्याला आमच्या ओळीकडे बोट दाखवून सांगितलं, तिथली ती मधली म्हातारी ना, ती तुमच्या होणाऱ्या व्याह्याची काकी. मुलीच्या बापानं पुतण्याला विचारलं, "तुमच्या घरची माणसं पंचायतीच्या खोलीत राहतात का?" बोलणी तिथंच अडली.

त्या संध्याकाळी पुतण्या दारात आला. बसला नाही.

"काकी, घर चाल. लोके काय म्हनतीन?"

"लोके म्हनी चुकनात. आते काय म्हनतीन?"

"मन्हा पोऱ्यानं लगीन मोडी."

"मोडू दे. माले काय जेवाले बलावणार व्हतास?"

तो एक पाऊल पुढं आला. मग म्हणाला, "तू ऐकाव नही तर मी ग्रामसभामा काढसू." मी दार लावलं.

एक मेच्या ग्रामसभेत त्यानं काढलं. उभा राहून म्हणाला, नियम असा आहे की ज्याला घर नाही त्यालाच खोली. माझ्या काकीला घर आहे. मग म्हणाला, "ती आमना घरमा कानबाईना रोट खास. जो आमना रोट खास, तो आमना घरना. इचारा भाऊबंदासले."

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या बोलीत खास म्हणजे खातो. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळाला नथ घालून, दागिने घालून देवी मांडतात. त्या आधी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ भरून गहू काढतात, धुतलेल्या चक्कीवर दळतात आणि त्याचे रोट करतात. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही नाही, ती दुसऱ्या घरची झाली. हात धुतलेलं पाणीसुद्धा इकडंतिकडं टाकत नाहीत, खड्डा करून त्यात ओततात. तेव्हा रोट कोण खातं यावरून आमच्यात माणूस कोणत्या घरचं ते ठरतं. सात-बारावर काय लिहिलंय ते नंतर.

सभेतल्या सगळ्या माना हलल्या. सरपंचबाईचीसुद्धा हलली, कारण तीही याच मातीतली. ग्रामसेवक दुसऱ्या जिल्ह्यातला, तो नुसता बघत राहिला.

मी उठून म्हणाले, "मूठ पुरुषासना नावनी निंघस. मन्हा नवरा मरी गया तधळ त्यानी मूठ बंद व्हयनी. मन्ही मूठ कधी व्हतीच नही. मी दुसरासना मूठमातलं खास."

"पन खास ना?" मागून एकजण म्हणाला.

"खास."

"मंग घर शे."

झालं. मला खाऊ घातलं म्हणून मला घर आहे, असं साऱ्या गावानं ठरवलं. खाट कुठं आहे हे एकानंही विचारलं नाही. खोली रिकामी करायचा ठराव झाला. मी म्हणाले, मी जात नाही. पुढच्या बाजारी पुतण्या हातगाडी घेऊन आला, ते वर सांगितलं.

जिन्याखाली आता कडब्याचं यंत्र होतं, म्हणून मला गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. मे महिना, आमच्याकडचा. पत्र्याला हात लावला तर फोड यायचा. खाली यायला जिना होता, पण माझे गुडघे जिन्याला तयार नव्हते. सूनबाई सकाळ-संध्याकाळ ताट आणून ठेवायची आणि म्हणायची, "काकी, वर हवा चांगली शे." मी म्हणायची, "मंग तू ये ना वर, मी खाले जास."

मुलीकडची माणसं पुन्हा आली तेव्हा मला दोघांनी धरून खाली उतरवलं. नवं लुगडं नेसवलं, पुढच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, चांगल्या कपात चहा दिला. मुलीच्या बापानं विचारलं, "आजी, बरं आहे ना?" पुतण्या माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "हवा चांगली आहे." लग्न जमलं. पाहुणे फाटकाबाहेर गेले आणि सूनबाईनं लुगडं परत मागितलं.

आंधळी मेल्याचं मला खालच्या गल्लीतल्या बायकांच्या बोलण्यावरून कळलं. ऊन लागलं. म्हातारा तिचं पाणी भरायचा, पण त्या आठवड्यात तो तापानं पडून होता. कोणी मारलं नाही तिला. गावानं घरपट्टीतून छप्पर दिलं होतं आणि छपराला पत्रे होते, आणि बाजूच्या खोलीला ठरावानं कुलूप होतं. मी रडले नाही. मला तिची ती एकच गोष्ट शेवटपर्यंत नीट ऐकून घ्यायला हवी होती असंही मला वाटलं नाही. मला राग आला, आणि तो अजून आहे.

श्रावण आला. घर चुन्यानं रंगवलं, चक्की धुतली. त्या वर्षी आमच्याच घरी सगळे भाऊबंद जमणार होते, होणाऱ्या व्याह्यांना मोठेपणा दाखवायचा होता. मुठी निघाल्या. लग्न जमलेल्या नातवाची मूठ पुतण्यानं दाबून दाबून भरली. मला गच्चीवरून पुन्हा खाली आणलं होतं. रोट झाले, पुरणपोळ्या झाल्या, गंगाफळाची भाजी, खीर. पंगत बसली. माझ्या पुढं ताट आलं.

मी ताट पुढं सारलं आणि म्हणाले, "मी नही खास."

आधी कोणाला वाटलं पोट बिघडलं असेल. एक जाऊबाई म्हणाली, "तुकडा तरी मोड, आक्का."

"तुकडा बी नही."

मग पंगतीतल्यांनी हातातला घास खाली ठेवला. रोट नाकारणं म्हणजे कानबाईला नाकारणं. आमच्यात असं कोणी करत नाही. मी जन्मभर केलं नव्हतं, नवरा मेला त्या वर्षीही खाल्ला होता. पुतण्या माझ्या कानाशी येऊन बोलला, "काकी, काय करी ऱ्हायनी तू? देवीना कोप व्हई."

"मन्हावर व्हई. तू कशाले घाबरस?"

सूनबाई रडायला लागली. सगळ्यात म्हातारे भाऊबंद होते, माझ्या नवऱ्याचे चुलते, ते म्हणाले, "तुले रोट नको तर तू आमनी कोन?"

"तेच तुम्ही ठरावा," मी म्हणाले. "तुमलेच ते चांगलं येस."

उठले, भिंतीला धरून बाहेर आले. मला कोणी अडवलं नाही, अडवायचं तर शिवावं लागलं असतं, आणि हात रोटाचे होते, ते रोट नाकारलेल्याला लावत नाहीत. बाजारामागच्या ओळीपर्यंत चालत गेले. वाटेत बऱ्याचदा बसावं लागलं. म्हातारा दारात बसून ज्वारीची भाकरी आणि मिरचीची चटणी खात होता. त्यानं अर्धी भाकरी मोडून पुढं केली. तो भिल्ल, मी कुणब्याच्या घरची, आणि त्या दिवशी साऱ्या गावात कानबाई. मी त्याच्या हातची भाकरी दारात बसून खाल्ली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. चटणी फार तिखट होती. तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग नको खा." मी खाल्ली. रात्री त्यानं खाट मला दिली आणि स्वतः बाहेर झोपला, खोकत.

पंधरा ऑगस्टला, झेंड्याच्या दिवशी, पुन्हा ग्रामसभा भरली. मी पुढंच जाऊन बसले. सरपंचबाईला मी आधी काही सांगितलं नव्हतं, सांगायची गरज नव्हती. भाकरीची गोष्ट गावभर झाली होती. तिनं पुतण्याला उभं केलं.

"मागल्या सभामा तुम्ही सांगं, जो रोट खास तो घरना. बराबर?"

"बराबर."

"मंग या साले तुमनी काकीनी रोट खादा का?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. भाऊबंद सगळे तिथंच बसले होते. त्यांच्या पंगतीतच मी ताट सारलं होतं. माझा पुतण्या खोटं पुष्कळ बोलतो. कापसाच्या मापात बोलतो, बँकेत बोलतो, मुलीच्या बापाशी तर माझ्यासमोरच बोलला. पण कानबाईच्या रोटाबद्दल आमच्यातला माणूस खोटं बोलत नाही. त्याची जीभ वळत नाही. घरात नवी सून यायची होती, आणि त्याला देवीची भीती वाटत होती. मला त्याच्या त्या भीतीची खात्री होती, तिच्यावरच मी सगळं टाकलं होतं. बाकी त्याच्याबद्दल मला कशाचीच खात्री नाही.

"नही खादा," तो म्हणाला.

"मोठाथीन सांगा."

"नही खादा तिनी!"

"मंग तिले घर शे का?"

तो खाली बसला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे पन मंग आमनी घरपट्टी..." सरपंचबाई म्हणाली, "तुम्ही मागली बी भरेल नही. बठा." त्यावर मात्र सगळी सभा हसली.

किल्ली मला ग्रामसेवकानं दिली. नवी नाडी मीच आणली. पुतण्याच्या घरचं बोलणं बंद झालं, लग्नाला मला बोलावलं नाही, भाऊबंदांतल्या बायका नळावर मी असेपर्यंत बादली लावत नाहीत, मी गेल्यावर आधी नळ धुतात. मी मेल्यावर कोण जाळेल असं एकीनं मला मुद्दाम विचारलं. मी म्हणाले, वास यायला लागला की येतील. त्या दिवसापासून ती विचारत नाही.

गाव अजून घरपट्टी भरताना आमच्या ओळीच्या नावानं बोटं मोडतं. गटार झालं नाही ते आमच्यामुळं, असं म्हणतात. आंधळीच्या खोलीसाठी आता सहा जणांच्या सह्या आल्या आहेत, आणि त्यात गटारासाठी सगळ्यात मोठ्यानं ओरडलेल्या माणसाच्या आईची सही आहे. कोणाला मिळते ते पुढच्या सभेत ठरेल. मी हात कोणाच्या बाजूनं वर करायचा ते अजून ठरवलं नाही.

तीन खोल्या होत्या आणि तीन माणसं राहायला आली होती. आंधळी त्या उन्हाळ्यात गेली. म्हातारा आणि मी जगलो.